मायचं वांगं आणि तुमची पुस्तकं

काल सकाळी परत एक जण आला. फाटकाबाहेर स्कूटर लावली, चपला काढल्या आणि ओसरीतूनच हाक दिली, "आबा आहेत का?"

काय सांगायचं अशा माणसाला? "नाहीत," मी म्हणाले.

"मग केव्हा येतील?"

अहो, असा राग आला ना मला! त्याचा नाही, तुमचा. तुम्हाला जाऊन दीड महिना व्हायला आला. अख्ख्या वरणगावला माहीत झालं, पेपरात फोटो आला, तुमच्या त्या सेंद्रिय ग्रुपवाल्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवून पाठवून माझा फोन बंद पाडला. आणि तरी एक माणूस भुसावळहून उठतो, बायकोला मागे बसवतो आणि पुस्तक न्यायला येतो. का, तर तुम्ही त्याला दिवाळीनंतर फोनवर सांगून ठेवलेलं, "या हो केव्हाही, घर आपलंच समजा." घर आपलंच! आणि चहा कोण ठेवणार होतं?

मी खरं काय ते सांगितलं तेव्हा बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. लगेच जायला निघाला. तेवढ्यात माझं लक्ष फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे गेलं. पर्स पोटाशी धरून ती वर आभाळात बघत होती. तो चेहरा मी ओळखला. नवऱ्याला बागेचं खूळ लागलेल्या बाईचाच असतो तो, मी रोज आरशात बघायचे. म्हटलं, "या बाई, आत या. उन्हात नका उभ्या राहू."

त्या दोघांचं पुढे काय झालं ते सांगते. पण आधी मला तुमच्याशी भांडून घेऊ द्या, कारण भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची जुनीच खोड आहे.

लोकांना वाटतं मी रडत असेन. सांत्वनाला, द्वारदर्शनाला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघून बघून थकल्या. मला रडू येतच नव्हतं, राग येत होता. जो येईल तो म्हणायचा, "आबा म्हणजे देवमाणूस." म्हटलं, देवमाणसाबरोबर संसार करून बघा एकदा, मग बोला.

सगळी नोकरी तुम्ही दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढलीत. कोळसा जाळून लोकांच्या घरी दिवे लावलेत. आणि निवृत्त झाल्यावर काय म्हणालात? "आपल्या घराला विजेची गरजच काय?" मी तेव्हा मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करत होते. तुम्ही बटण बंद केलंत आणि पाटा-वरवंटा कुठे आहे म्हणून विचारलंत. वाटणार कोण, ते काही तुमच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

ते जाड पुस्तक हो, स्वावलंबी घराचं. जळगावच्या कृषी प्रदर्शनातून छातीशी धरून आणलंत. तुम्ही सवत आणली असतीत तर तिनं निदान दोन भांडी तरी घासली असती. त्याच दुपारी जाहीर केलंत, "आजपासून बाजारातून काही आणायचं नाही."

"मीठ?" मी विचारलं.

"मीठ सोडून."

"तेल?"

"तेल सोडून."

"चहापत्ती?"

इथे तुम्ही जरा विचारात पडलात. "गवती चहा लावू," म्हणालात. संध्याकाळपर्यंत 'सोडून'मध्ये इतक्या वस्तू गेल्या, की नक्की आणायचं काय नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, कोथिंबीर.

त्या पुस्तकाचा लेखक बर्फ पडतो तिकडचा माणूस. त्यानं लिहिलं होतं, जमिनीत खड्डा करून बटाटे पुरले की कित्येक महिने ताजे राहतात. तुम्ही खड्डा खणलात तो वैशाखात. वरणगावचा वैशाख म्हणजे काय, हे आयुष्यभर बॉयलरपाशी उभं राहिलेल्या माणसाला मी सांगायचं? खड्डा उघडला तेव्हा शेजारच्या वहिनी नाकाला पदर लावून विचारायला आल्या, काय मेलंय का म्हणून. "जागा चुकली," तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी निंबाच्या सावलीला करू." आपल्याकडे निंबाचं झाड नव्हतं.

मग गांडुळांचं पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, गांडुळांना थंडावा लागतो. घरात कूलर एकच. तो तुम्ही बैठकीतून उचलून मागच्या शेडमध्ये गांडुळांच्या टाकीपुढे नेऊन लावलात. बाहेर रस्त्यावरचं डांबर पघळतंय, गांडुळं गार वाऱ्यात, आणि मी डोक्यावर ओला पदर घेऊन भाकरी थापतेय. तेव्हा मात्र वीज चालली तुम्हाला! तुमची बहीण, सुमनताई, नेमकी त्याच वेळी आलेली. लग्न होऊन धुळ्याला देवपुरात गेली ती तिकडचीच बोली लेवून बसली. तिनं एकदा शेडमध्ये डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "वहिनी, तूबी जाईसन बस त्या गांडूयस जोडे." आम्ही दोघी हसून हसून बेजार. तुम्ही आठ दिवस तिच्याशी नीट बोलला नाहीत.

सगळंच फसलं असं म्हणत नाही मी. त्या पातळ, पिना मारलेल्या पुस्तकातला दहा पाल्यांचा अर्क जमला तुम्हाला. घरात महिनाभर पाहुणा टिकला नाही, पण भेंडीवरचा मावा गेला. आणि तेव्हापासून तुम्हाला ती सवय लागली. काही जमलं रे जमलं, की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि म्हणायचं, "मी म्हटलं नव्हतं?" दहा गोष्टींतली एक जमायची, पण ती जमली की आठवडाभर तेच. त्या अर्काच्या वासानं माझं डोकं उठलं नाही एवढं तुमच्या त्या तीन शब्दांनी उठायचं.

पण आपलं खरं भांडण वांग्याचं.

माझ्या मायचं वांगं. यावलकडे, माझ्या माहेरी, माय परसात लावायची ते. पांढरट हिरवं, अंगानं भरलेलं, भाजलं की साल हाताला न चिकटता निघायचं आणि आत गर नुसता लोण्यासारखा. लग्नात तिनं त्याचं बी चिंधीत बांधून माझ्या पिशवीत टाकलं. दीपनगरच्या क्वार्टरमागे मी ते जपलं, वरणगावला घर झाल्यावर इकडे आणलं. माय गेली, पण तिचं वांगं दर थंडीत न चुकता येत होतं. मी ते भाजायला घेतलं की मला माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते ग्रुपवर टाकलं असतंत.

आणि मग ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. त्यात एकच ओळ होती: वाफ्यात राख मिसळा. बस, तेवढीच. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चुलीतली राख असणार, ओंजळभर. पण दीपनगरात जन्म काढलेल्या माणसाला राख म्हटली की एकच राख दिसते, कोळशाची. आपल्या घरी गॅस, चुलीचा पत्ता नाही. मी भाच्याच्या लग्नाला माहेरी गेलेली, तेवढ्यात तुम्ही ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला गाठलंत आणि ट्रॉलीभर राख आणून मागच्या अंगणात ओतलीत. मी परत आले तर सगळं राखाडी.

"अहो, ही चुलीची राख नाही," मी म्हणाले.

"राख ती राख," तुम्ही म्हणालात. "पुस्तकात असा फरक केलेला नाही."

दोन-तीन पाणी दिल्यावर तो वाफा असा बसला, की कुदळ मारली तर टणकन वाजायची. रोपं पिवळी पडली आणि मरून गेली. चिंधीतलं सगळं बी मी त्याच वाफ्यात टाकलेलं होतं, मागे काही ठेवलं नव्हतं. कशाला ठेवू? मला काय माहीत, घरातलाच माणूस असा घात करेल म्हणून! नंतर मी किती दिवस तुमच्याशी बोलले नाही ते आठवत असेल तुम्हाला. स्वयंपाक करत होते, वाढत होते, बोलत नव्हते.

आणि कमाल बघा. दोन वर्षांनी तुम्ही आणखी एक नवीन पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आलात आणि मोठ्यांदा वाचायला लागलात, प्रत्येक कुटुंबानं आपला स्थानिक वाण जपला पाहिजे, तोच खरा ठेवा वगैरे वगैरे. मी भाकरी थापत होते. हात थांबला माझा. मी नुसतं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वाचता वाचता अडखळलात. पुस्तक तसंच उघडं ओट्यावर ठेवलंत आणि बाहेर निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून तुम्ही यावलला गेलात, मला न सांगता. माझ्या वहिनीनं नंतर फोनवर सांगितलं, "तुमचे मालक गावभर परसाबागा धुंडू राह्यले वो! गावाचा जावई, अन् वांगं मागत हिंडू राह्यला." भावाकडे सगळी बाजारच्या पाकिटातल्या बियाण्याची रोपं. तुम्ही घराघरांत विचारलंत, लोक हसले, कोणी चहा पाजला. शेवटी गावाच्या टोकाला एका म्हातारीकडे सापडलं. मायनंच तिला कधीकाळी बी दिलेलं. संध्याकाळी तुम्ही आलात, खांद्यावरचा पंचा सोडलात, त्यात एक पिवळं पिकलेलं वांगं होतं. एसटीत सगळ्या वाटेनं मांडीवर धरून आणलेलं. ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "घे. तुझ्या मायचं."

चुकलं माझं, असं काही म्हणाला नाहीत. आणि मीही कुठे कौतुक केलं? "बसमध्ये दबलं नाही ना?" एवढंच विचारलं. पण तुम्ही हातपाय धुवायला गेलात तेव्हा मी ते वांगं नाकाशी धरून किती वेळ उभी होते. तुमचा उपकार मानावासा वाटत होता. तुम्ही आलात, "साबण कुठंय?" म्हणून ओरडलात, आणि ते राहून गेलं. साबणही तुम्हीच केलेला होता, रिठ्याचा, त्याला फेस यायचा नाही.

त्या दिवसापासून मात्र तुम्ही त्या वांग्याचे असे मालक झालात, जसं काही तुमच्याच आजोळचं आहे. पहिलं चांगलं फळ बियाण्यासाठी राखायचं आणि कोणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधायची, ही माझ्या मायची रीत. तुम्ही ती पुस्तकात वाचून मला शिकवलीत! आणि चिंधी कशाची? माझ्या लाल काठाच्या साडीची. जुनी समजून फाडलीत. आपल्या नितीनच्या साखरपुड्याला नेसले होते हो मी ती, एकदाच!

बी काढायचं तर दरवर्षीचं महाभारत. माय काय करायची, पिकलेलं फळ कापायचं, बी गरासकट चुलीच्या राखेत मळायचं आणि भिंतीला थापून ठेवायचं. पेरायच्या वेळी खरवडून घ्यायचं. तुमची पुस्तकी पद्धत म्हणजे गर पाण्यात चुरायचा, वर तरंगेल ते फेकायचं, तळाशी बसेल तेवढंच सावलीत वाळवायचं. "राखेत पोचट बी कोणतं ते कळणार कसं?" तुम्ही विचारायचात. "माझ्या मायला पुस्तक न वाचता कळत होतं," मी म्हणायचे. मग एक फळ माझ्या पद्धतीचं, एक तुमच्या, दोघांची रोपं वेगळी, आणि कोणाची चांगली आली यावर पावसाळा लागेपर्यंत वाद. निकाल कधी लागलाच नाही. मी लागू दिला नाही म्हणा.

आणि ते स्वावलंबन! "कोणापुढे हात पसरायचा नाही," हे तुमचं रोजचं कीर्तन. शेण शेजारच्या गोठ्यातलं. पाण्याची मोटर प्रमोदनं बसवून दिलेली. भरीत भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, त्याही प्रमोदच्याच शेतातल्या. सख्खा पुतण्या म्हणून तो ट्रॉली भरून आणून टाकायचा, आणि तुम्ही त्यालाच ओसरीत बसवून स्वावलंबनावर पुस्तक वाचून दाखवायचात. बिचारा ऐकायचा. शेवटच्या भरिताच्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्यात स्वावलंबन कुठे आहे?"

"ही देवाणघेवाण आहे," तुम्ही म्हणालात.

"मग शेजारपाजार म्हणा ना त्याला! एवढं जाड पुस्तक कशाला लागतं? आणि एकट्यानं भरीत करून एकट्यानं खाल्लेला माणूस मला आपल्या जिल्ह्यात दाखवा. वांगी एकाची, पऱ्हाट्या दुसऱ्याच्या, ठेचायला बडगी तिसऱ्याची आणि खायला अर्धी गल्ली."

सगळे हसले. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "उद्या उत्तर देतो." म्हणजे पुस्तकात बघून. ते उत्तर अजून यायचंय. त्याच आठवड्यात एका सकाळी तुम्ही वांग्यांना चिंध्या बांधून आलात, बाजेवर टेकलात, "गवती चहा ठेव" म्हणालात. चहा उकळला तोवर तुम्ही नव्हतात.

आता तुमच्या मागे काय झालं ते ऐका.

तुमचे दिवस संपल्यावरच्या, गंधमुक्तीच्या जेवणाची सगळी जबाबदारी प्रमोदनं अंगावर घेतली. पोरगा जीव टाकून धावत होता, त्याला नाव ठेवणार नाही मी. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. मला मात्र आतल्या खोलीत बसवलेलं. चारी बाजूंनी बायका, शेजारी सुमनताई. बाहेर पडायचं नाही. आदल्या दिवशी दुपारी मागच्या अंगणातून कुदळीचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, मांडवाचा खांब रोवत असतील. मग प्रमोदचा आवाज आला, "हे बी काढा, आचाऱ्याले भट्टीसाठी जागा मोकळी पाह्यजे." आणि झाड मुळासकट उपटल्याचा तो आवाज. तो मला भिंतीपलीकडूनही कळतो.

मी उठले. सुमनताईनं मनगट धरलं. "कथा जास वहिनी? बाहेर निंघानं नही. लोके काय म्हनतीन?"

"म्हणू द्या," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

अंगणात गेले तर काय! तुमचे सगळे वाफे उलटेपालटे. वांग्याची झाडं उपटून ढीग घातलेला, आणि देठांना माझ्या साडीच्या लाल चिंध्या तशाच, आतलं बी अजून कोवळं. कोवळी फळं तोडून क्रेटमध्ये, उद्याच्या भाजीला. धुण्याच्या दगडापाशी एकच झाड उभं होतं, त्याला एकच चिंधी, आणि गड्यानं त्याच्यावर कुदळ उचललेली.

"हात लावलास तर बघ!" मी अशी ओरडले की आचाऱ्याच्या हातातली पळी खाली पडली.

"काकू, काहून बाहेर आल्या तुम्ही?" प्रमोद धावत आला. "मी तर भट्टीले जागा करू राह्यलो."

"चिंध्या दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना. मले वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधल्या काकांनी." मग त्यानं मान खाली घातली. "म्हटलं, आता कोणाची दृष्ट लागनार?"

जो माणूस तुमच्या तोंडून महिन्यांमागून महिने पुस्तकं ऐकत होता त्याला एवढी एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. सांगायचं ते सोडून बाकी सगळं सांगायचात तुम्ही! सगळे पाहुणे गोळा झाले. कोणी म्हणालं, दुःखानं भ्रमिष्ट झाली. मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. हे माझ्या मायचं वांगं आहे, आणि हे एकच उरलंय. भट्टी पुढच्या दारी न्या."

भट्टी पुढच्या दारी गेली. दुसऱ्या दिवशी पंगती बसल्या तेव्हा सुमनताई खुर्ची घेऊन त्या झाडाशेजारी जाऊन बसली, हातात काठी. "तुम्हीन बठ्ठा जेवा. मी बठस आठे." सगळी माणसं जेवून उठेपर्यंत हलली नाही. एका पाहुण्यानं तर त्या झाडाला वाकून नमस्कार केला, त्याला वाटलं तुमची काही शेवटची इच्छा असेल. तुम्ही असतात तर त्यालाही एखादं पुस्तक देऊन पाठवलं असतंत.

नितीन मला न्यायलाच आला होता. "आई, एकटी कशी राहशील? चल पुण्याला." म्हटलं, "वांगं पिवळं होऊ दे." तो म्हणाला, "आई, पुण्यात वांगी मिळतात." तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, तुमच्याकडे त्या दिवशी भाकरी थापताना बघितलं होतं तसं. एकटाच परत गेला. आता रोज फोन करतो आणि आधी विचारतो, "झालं का पिवळं?" प्रमोद संध्याकाळी येतो, झाडाला पाणी घालतो, माझ्याकडे न बघता जातो. त्यानं काठीचा आधार लावला, माकडांसाठी जाळी बांधली. आणि मी दिवसभर जीव मुठीत धरून. एकच फळ हो! किडलं, पक्ष्यानं टोचलं, गरम वाऱ्यानं गळलं, की संपलं. मायचंही गेलं आणि तुम्ही एसटीत मांडीवर धरून आणलेलंही गेलं. परत आणायला यावलला कोण जाणार आहे? ती म्हातारीही आता नाही.

काल सकाळी तोडलं मी ते. हळदीसारखं पिवळं झालं होतं. ओट्यावर विळी घेऊन बसले आणि मला सुचेना. राखेत मळू का पाण्यात चुरू? फळ एकच, आणि भांडायला माणूस नाही. समोरून कोणी "पुस्तकात बघ" म्हणत नसेल तर मायची पद्धत ठणकावून सांगायची तरी कोणाला? असा संताप आला तुमचा! तेवढ्यात ओसरीतून हाक आली, "आबा आहेत का?"

त्याला बियाण्याचंच पुस्तक हवं होतं. ते तुम्ही कोणाला दिलंत ते तुम्हालाच ठाऊक. म्हटलं, "पुस्तक नाही, पण बसा, दाखवते." दोघांना स्वयंपाकघरातच पाट दिले. तुमचं जाड पुस्तक त्यानं हातात घेतलं, मी काढून घेतलं. "ते नका नेऊ, संसार मोडेल. हे पातळ, पिना मारलेलं न्या. आणि गांडुळांचं न्यायचं असेल तर," त्याच्या बायकोला म्हटलं, "कूलर आधी कुलपात ठेवा." ती इतकी हसली. मग हळूच मला म्हणाली, "हे खूळ उतरतं का हो कधी?"

"नाही," मी म्हणाले. "बघा ना, आता मला चिकटलंय."

मी वांगं विळीवर उभं चिरलं. अर्धं मायच्या पद्धतीनं. राख होती घरात, आपल्या शेवटच्या भरिताच्या पऱ्हाट्यांची. तुम्हीच चाळून डब्यात भरून ठेवलेली, ह्या वेळी योग्य राख! बी मळून भिंतीला थापलं. उरलेलं अर्धं पातेल्यात पाण्यात चुरायला घेतलं. तो गृहस्थ फोनवर शूटिंग करत होता. बायको माझ्या हाताकडे बघत होती. तिनं विचारलं, "मग ह्यातली खरी पद्धत कोणती?"

मायची, असं म्हणायलाच तोंड उघडलं होतं मी. पण भिंतीवरचं बी दरवर्षी निम्मं मुंग्या न्यायच्या. पावसाळा लागताना तुमच्या वाफ्यात रोपं दाट यायची, माझ्या वाफ्यात विरळ. दरवर्षी बघत होते मी.

"ह्यांची," मी म्हणाले. "ह्यांचीच रोपं चांगली येतात."

घ्या. बोलले. परक्या माणसांपुढे बोलले. तुम्ही असतात तर मेले असते पण हे तोंडातून काढलं नसतं. आणि बोलून झाल्यावर, हात पातेल्यात तसेच ठेवून, मी दाराकडे बघितलं. तिथं हात मागे बांधून उभं राहायचं होतं तुम्ही. ते तीन शब्द म्हणायचे होते. म्हणा ना! सगळा जन्म ज्यासाठी माझं डोकं खाल्लंत ते आज मी स्वतःहून ताटात वाढलं, आणि आज तुम्ही गप्प.

मला थांबलेलं बघून त्या दोघांनीही वळून दाराकडे बघितलं.

मग मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. त्या बाईनं माझ्या हातून पातेलं काढून घेतलं, वर तरंगणारं सांभाळून मोरीत ओतलं, आणि पातेलं माझ्यापुढे धरलं. तळाशी बरंच बी बसलं होतं, अहो.